स्काउट रायफल, रानडुक्कर आणि आपलं वावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तूर फुलोऱ्यावर आली, हरभरा उगवून वर आला, की आमच्याकडे विदर्भात बंदुकीची चर्चा सुरू होते. रानडुकरांनी एका रात्रीत अर्धा एकर उकरलेला असतो, रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप धुऱ्यावरून (बांधावरून) उतरलेला असतो, आणि कुणीतरी मोबाइलवर एक आखूड, हलकी, बोल्टची रायफल दाखवत विचारतो, "ही आपल्याकडे चालते का?" त्या रायफलीला स्काउट म्हणतात. मला ती मनापासून आवडते. तरीही आपल्या वावरात तिला जागा नाही, असं माझं मत आहे. हे मत कशावर उभं आहे ते खालच्या उत्तरांतून कळेल.

स्काउट रायफल म्हणजे नेमकी कोणती?

ही कल्पना जेफ कूपर या अमेरिकी माणसाची. ते मरीन दलातले अधिकारी होते. १९७६ मध्ये त्यांनी ॲरिझोनात नेमबाजीची शाळा काढली, ती पुढे गनसाइट नावाने ओळखली गेली. १९८३ साली त्यांनी जाणकारांची बैठक बोलावली आणि प्रश्न ठेवला: एकट्या माणसाला रानात दिवसभर पायी फिरायचं आहे आणि एकच रायफल न्यायची आहे, तर ती कशी असावी?

त्यातून मापं ठरली. वजन सुमारे ३ किलो, लांबी १ मीटरच्या आत, .३०८ विंचेस्टरचं काडतूस, बोल्टची क्रिया. दुर्बीण कमी ताकदीची, दोन-अडीच पट मोठं दाखवणारी, आणि नेहमीच्या जागेपेक्षा पुढे, नळीवर बसवलेली. ती बिघडलीच तर खाली लोखंडी नेम तयार हवा: डोळ्याजवळ मोठं गोल भोक आणि नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेमाचा छोटा उभा दांडा. खांद्याचा पट्टाही फक्त वाहून नेण्यापुरता नाही. हाताला वेढा देऊन नेम स्थिर करता येईल असा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या श्टायर कंपनीने कूपर यांच्या सल्ल्याने अशी रायफल बाजारात आणली. २०११ मध्ये रुगरची गनसाइट स्काउट आली. सॅव्हेज आणि मॉसबर्ग यांनीही आपापल्या काढल्या. व्हिडिओंमध्ये आपल्याकडची मुलं बहुतेक रुगरचीच पाहतात.

बोल्टची क्रिया म्हणजे काय? जुनाट नाही का ती?

प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा दांडा वर, मागे, पुढे, खाली असा हाताने फिरवायचा. रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस नळीत जातं. भाग कमी, त्यामुळे धूळ-चिखलात अडचण कमी आणि वजनही कमी. तिचा मोठा गुण मात्र दुसराच आहे. दुसरी गोळी आपोआप तयार होत नाही, म्हणून माणूस पहिलीवर लक्ष देतो. मला यात जुनाट काही दिसत नाही.

शिकारीची रायफल म्हणून ती खरंच चांगली आहे का?

जिथे शिकार कायदेशीर आहे त्या देशांपुरतं बोलायचं तर हो, चांगली आहे, आणि तिचे दोषही खरे आहेत.

दाट झुडपात, चढणीवर, गाडीत चढता-उतरताना आखूड नळीचं सुख मोठं असतं. तीन किलोची रायफल संध्याकाळीही खांद्यावर जड होत नाही. पुढे बसवलेल्या दुर्बिणीमुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, आजूबाजूचं रान दिसत राहतं. बोल्टच्या वरची जागा मोकळी राहते, म्हणून काडतुसं भरणं आणि रायफल एका हाताने मधोमध धरून चालणं सोपं जातं. शंभर-दोनशे मीटरच्या आत, उजेडात, पायी फिरणाऱ्यासाठी हे सगळं उत्तम जुळलेलं आहे.

आता दोष. सूर्य पाठीमागे असला की दुर्बिणीच्या मागच्या काचेवर चकाकी येते आणि समोरचं धूसर होतं. अंधूक उजेडात ती लहानशी दुर्बीण मागे बसवलेल्या मोठ्या दुर्बिणीपुढे टिकत नाही. सोळा-साडेसोळा इंचांच्या नळीतून .३०८ उडाली की आवाज कान फाडतो आणि तोंडाशी जाळ मोठा दिसतो. हलक्या रायफलीचा धक्काही जास्त. आपल्याकडे जनावर येतं ते दिवेलागणीनंतर. म्हणजे स्काउट जिथे कमी पडते, नेमकी तीच आपली वेळ.

संरक्षणासाठी?

कूपर यांच्या मनात होता तो मोकळ्या मुलखात एकटा असलेला माणूस. घराच्या पडवीत, गल्लीत, माणसांनी भरलेल्या वाड्यात तिचा उपयोग नाही. तिची गोळी विटेच्या भिंतीला आणि टिनाच्या पत्र्याला मोजत नाही.

ती भारतात मिळेल का?

.३०८ मधली नाही. .३०८ विंचेस्टर आणि लष्कराचं ७.६२ × ५१ काडतूस मापाने जवळजवळ एकच. आपल्या शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत .३०३ आणि ७.६२ मिमीची लष्करी काडतुसं झाडू शकणाऱ्या रायफली प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) धरल्या आहेत. त्या बोअरचा परवाना केंद्र सरकारच्या हातात आहे. शेतकऱ्याने पीक राखायला मागावा अशी ती गोष्ट नाही. शिवाय सामान्य परवानाधारकाला परदेशातून रायफल आणायला मोकळीक नाही.

ज्या देशांत लष्करी काडतुसांवर बंदी आहे तिथल्या लोकांचा विचार कूपर यांनीही केला होता. त्यांच्यासाठी त्यांनी ७ मिमी-०८ हे काडतूस सुचवलं. आपल्या बाजारात तेही नाही.

मग .३१५ बोअरलाच आपली स्काउट म्हणता येईल का?

या प्रश्नात तथ्य आहे. .३१५ चा जन्मच अशा बंदीतून झाला. इंग्रजांनी हिंदुस्थानात खासगी माणसाला .३०३ सारखं लष्करी काडतूस वापरायला मनाई केली, तेव्हा ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ × ५० मॅनलिकर काडतुसावरच्या शिकारी रायफली इथे खपू लागल्या. पुढे बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डच्या बोल्टवर .३१५ बनवली, आणि तीच गावोगावच्या परवान्यांवर दिसते. हा कारखाना ज्या आयुध निर्माणी मंडळात होता, ते १ ऑक्टोबर २०२१ ला मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. शस्त्रांचं काम कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्सकडे गेलं आणि दारूगोळ्याचं पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. आपल्या भंडाऱ्याची आणि भद्रावतीची आयुध निर्माणी आज या दुसऱ्या कंपनीत आहेत.

.३१५ ची गोळी जड आणि संथ आहे. शंभर मीटरच्या आत तिचा मार भक्कम. पण रायफल लांब आहे, जड आहे, आणि काडतुसं कधी मिळतात, कधी मिळत नाहीत. परवान्यावर वर्षाला मिळणारी काडतुसं मोजकी. त्यातली सरावाला किती उडवणार? सराव नसलेल्या हातात स्काउट काय आणि .३१५ काय, धोका सारखाच.

इशापूरची .३०-०६ सुद्धा प्रतिबंधित नसलेल्या बोअरमध्ये येते. ताकद .३०८ पेक्षा थोडी जास्तच. म्हणजे खाली सांगितलेला पल्ल्याचा प्रश्न तिथे आणखी वाढतो.

नळी कापून आखूड करून घेतली तर?

अजिबात नको. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ प्रमाणे नळी आखूड करणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. वीस इंचांहून आखूड नळीची बारा बोअर थेट प्रतिबंधित वर्गात जाते. परवाना असला तरी वाचवत नाही.

शिकारीचा परवाना कुठे मिळतो?

कुठेच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ ने शिकार बंद आहे. बंदुकीचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे. जनावर मारण्याची मुभा त्यात नसते. ससा, तितर, मोर, हरीण, काहीही नाही. वाघ, बिबट, अस्वल आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तिथे शिक्षा तीन ते सात वर्षं. "आमचे आजोबा तर मारत होते" हे वाक्य मी फार ऐकतो. आजोबांच्या काळी हा कायदा नव्हता.

पण रानडुक्कर आणि रोही मारायला परवानगी मिळते म्हणतात?

मिळू शकते, आणि तिचा नीट अर्थ समजून घेतला पाहिजे. कलम ११(१)(ख) प्रमाणे दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका ठरला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारण नोंदवून त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. उभं पीक मालमत्तेत धरलेलं आहे. रानडुक्कर आणि रोही याच अनुसूचीत येतात. आपल्याकडे हा अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयातून सुरू होतो. सातबारा, नुकसानीचे फोटो, गट नंबर आणि परवानाधारक कोण हे सगळं जोडा. तोंडी "हो" वर कुणीही बंदूक उचलू नये.

परवानगी त्या जागेपुरती, त्या प्राण्यापुरती आणि त्या मुदतीपुरती. मेलेलं जनावर घरी नेणं, वाटा पाडणं, मटण विकणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं. विल्हेवाट वनविभागाच्या देखरेखीखाली लागते. गावात नेमकं इथेच लोक अडकतात. पिकासाठी अर्ज केलेला असतो आणि शेवटी जीप येते ती मटणाच्या तक्रारीवर.

रात्री जागलीला रायफल न्यावी का?

नाही. या सगळ्या प्रश्नांत मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

.३०-०६ किंवा .३०८ ची गोळी काही अडवणारं नसलं तर तीन-चार किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. साधी .२२ सुद्धा दीड किलोमीटर जाते. आता आपलं शिवार डोळ्यासमोर आणा. काळी, सपाट जमीन. नोव्हेंबर-डिसेंबरात तूर माणसाच्या डोक्याइतकी. दहा-पंधरा पावलांपलीकडे काही दिसत नाही, फक्त खसखस ऐकू येते. तुमच्या धुऱ्यापलीकडे दुसऱ्याचं वावर, तिथे माळ्यावर त्याचा मुलगा जागलीला. त्याच्यापुढे पांदण, पांदणीवरून रात्रपाळी करून येणारा सायकलवाला. त्यापलीकडे बेड्याचे, म्हणजे छोट्या वस्तीचे, दिवे. तुरीचं खोड गोळी अडवत नाही. रानडुकरातून आरपार गेलेली गोळीही थांबत नाही. मुरमाड जागी, दगडावर ती उसळून भलत्याच दिशेला जाते.

डोंगराळ मुलखात शिकारी मागे टेकडी पाहून गोळी झाडतो. लागली नाही तर ती मातीत रुतते. आपल्या सपाट वावरात मागे टेकडी नाही, माणसं आहेत. माळ्यावरून खाली, जवळच्या जमिनीकडे नेम असेल तर धोका कमी होतो हे खरं, पण रात्री टॉर्चच्या झोतात अंतर आणि कोन दोन्ही फसवतात. अंधारात हललेलं ते डुक्कर आहे की शेणखतावर वाकलेला माणूस, हे डोळ्यांनी पुरतं ओळखल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. आवाजावर गोळी कधीच नाही. हा नियम जो पाळणार नाही, त्याच्याबरोबर मी जागलीला बसत नाही, मग तो नात्यातला का असेना.

आणि जखमी रानडुक्कर. पायाला गोळी लागलेला नर तुरीत शिरला की त्याला शोधायला जाणं म्हणजे सुळ्यांपुढे मांडी धरणं. सकाळी ज्या बाया निंदायला येतात त्यांना हे माहीत नसतं.

मग बारा बोअर बरी?

रायफलीपेक्षा बरी, हो. छर्‍यांचा प्रभावी पल्ला पस्तीस-चाळीस मीटर, आणि रायफलीच्या मानाने ते फार लवकर दमतात. मोठे छर्रे मात्र काहीशे मीटरवरही माणसाला इजा करू शकतात, तेव्हा वरचे नियम तसेच लागू.

कायद्याचा कलही तिकडेच आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नाव घेऊन केला आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर वीस इंच किंवा जास्त नळीची, आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. रायफलीला तुम्हाला वेगळं, सबळ कारण दाखवावं लागतं. "डुकरं फार झाली" एवढ्यावर ते भागत नाही.

परवान्यासाठी काय करावं लागतं?

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडे. अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि प्रत्येक परवानाधारकाला युनिक क्रमांक मिळतो. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. पोलीस ठाण्याचा अहवाल जातो. घरी बंदूक कुठे आणि कशी कुलपात ठेवणार तेही सांगावं लागतं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षं आहे, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. नाकारलं तर कारण लेखी मागा. कलम १८ खाली अपील करता येतं. कुणा दलालाला पैसे देऊ नका.

आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. तो आला तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. लग्नात हवेत गोळी झाडणं हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आजोबा वारले, त्यांची बंदूक कपाटात आहे. काय करू?

आजच जमा करा. परवाना माणसाबरोबर संपतो. नंतर ती बंदूक घरात असणं म्हणजे विनापरवाना शस्त्र. ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, मग वारस म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करा. २०१६ च्या नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. आजोबा हयात असतील आणि सत्तरीच्या पुढे असतील, किंवा परवान्याला पंचवीस वर्षं झाली असतील, तर त्यांच्या डोळ्यांदेखत हे हस्तांतर मागता येतं. बऱ्याच घरांना हे ठाऊकच नसतं.

वाघ, बिबट, अस्वल समोर आलं तर बंदूक उपयोगी पडेल?

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, चिमूरकडचे लोक हे विचारतात तेव्हा त्यामागची भीती खरी असते. ताडोबाच्या काठावरच्या गावांत मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसं परत आलेली नाहीत. वन्यजीव कायद्याचं कलम ११(२) सांगतं की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्हेतूने वन्य प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. पण त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत असाल, म्हणजे शिकारीला गेला असाल, तर हे संरक्षण नाही. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता.

व्यवहारात बंदूक फारशी कामी येत नाही. वाघ वाकलेल्या, बसलेल्या माणसावर मागून, काही पावलांवरून येतो. खांद्यावरची रायफल उतरायलाही वेळ मिळत नाही. अस्वल तर अचानक समोरासमोर येतं. एकटं न जाणं, बोलत-आवाज करत जाणं, भल्या पहाटे न जाणं, गुरं दाट झुडपात न सोडणं, यांनी जास्त जीव वाचतात. ठार मारण्याचा निर्णय आपला नसतोच. नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगावच्या शिवारात अवनी वाघीण मारली गेली. तो आदेश आणि ती रात्र दोन्ही न्यायालयापर्यंत गेले, आणि तिथे तर सरकारी परवानगी होती.

मोटरपंप आणि तांब्याची तार चोरणाऱ्यांवर गोळी झाडता येते का?

नाही. भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावाला जितकी गरज तितकीच इजा, ही त्याची मर्यादा. विहिरीवरून पंप उचलून पळणाऱ्यावर गोळी झाडणं या मर्यादेत बसत नाही. दरोडा, रात्रीची घरफोडी, आग लावणं, किंवा जिवाची वाजवी भीती वाटावी असा प्रसंग वेगळा. दहा-बारा हजारांच्या पंपापायी तरुण पोरगा जन्माचा कैदी झाला, तर त्या घराचं शेत कोण वाहणार?

एअर गनला परवाना लागत नाही ना?

.१७७ बोअरपर्यंत आणि २० जूलपर्यंत ताकद असेल तर लागत नाही. पण तिने पक्षी किंवा ससा मारला तर ती शिकारच. आणि डुकराला ती फक्त चिडवते.

बंदूक नाही, तर पीक कसं राखायचं?

सौर झटका कुंपण. यंत्र सेकंदाला साधारण एकदा, क्षणभराचा, काही हजार व्होल्टचा झटका सोडतं. दाब मोठा, पण वेळ इतका थोडा की जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना यासाठी अनुदान मिळतं. तारेखालचं गवत काढत राहा, नाहीतर झटका जमिनीत उतरतो. डुकरासाठी खालची तार वीतभर उंचीवरच हवी, नाहीतर ते खालून शिरतं. एकट्याने कुंपण केलं की कळप शेजाऱ्याकडे वळतो, म्हणून चार-सहा वावरं मिळून एकच वेढा घेतला तर खर्चही वाटला जातो.

पण तारेवर थेट लाइन टाकू नका. २३० व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो आणि सोडत नाही. या तारांनी विदर्भात वाघ मेलेत, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेली आपलीच माणसं मेलीत. बारुदाचे गोळे पेरण्याचंही तसंच. गाईचा जबडा फुटतो.

नुकसान झालंच तर भरपाईचा अर्ज त्याच दिवशी करा. पंचनाम्याआधी वावर नांगरू नका.

मला रायफलीची खरंच हौस आहे. शिकायचं कुठे?

या प्रश्नाचं मला मनापासून स्वागत करावंसं वाटतं. जिल्हा रायफल संघटनेत जा. दहा मीटरच्या एअर रायफलपासून सुरुवात करा, मग .२२. पट्टा हाताला वेढून नेम धरणं, श्वास रोखणं, चाप हळू दाबणं, स्काउटवाले जे शिकवतात ते सगळं तिथेही शिकवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं, तेही खेड्यातून येऊन. स्पर्धेत ठराविक पातळी गाठलेल्या नेमबाजांना शस्त्र आणि काडतुसांच्या बाबतीत नियमांत जास्तीची सवलतही आहे. पोरगा किंवा पोरगी बारा-तेरा वर्षांची असेल तर आत्ताच चौकशी करा. परीक्षा संपल्या की उन्हाळी शिबिरांची नावनोंदणी सुरू होते.